सासरचं माणूस

आमचं आडनाव इंग्रजी आहे. ते मी इथं लिहिणार नाही. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत ते मला सांगावंच लागतं. मग समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हातांकडे, आणि पुन्हा एकदा नाव विचारतो. मुंबईच्या कॉन्व्हेंटात नाव वाचून मला पहिल्या बाकावर बसवलं होतं आणि तोंड बघून तिसऱ्या. तेव्हापासून विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही अशी मला सवय लागली.

हे आडनाव आमच्या घरात आजोबांबरोबर आलं. उरणच्या मिठागरांवर ते मीठ खात्याचे अंमलदार होते, आणि तेही अगदी लहानसे. वरच्या साहेबांच्या क्लबात त्यांना फारसं कुणी विचारत नसावं. मोरा बंदरावर मासळी विकणारी एक मुलगी त्यांच्या मनात भरली. तिच्या बापानं सांगितलं, पोरगी पाहिजे तर आमच्या दारात मांडव घाला, नुसती राहायला देणार नाही. म्हणून साहेब अंगाला हळद लावून पाटावर बसले. आमच्या कोळीवाड्यात तेव्हा लग्न धवलारीण लावायची. ती मांडवात बसून धवले गाते आणि नवरा कुठल्या गावचा, नवरी कुणाच्या घरची, दोघांचे देव कोणते, हे सगळं त्या गाण्यातच येतं. तिनं साहेबांना गाव विचारलं. साहेबांचं आडनाव मूळचं एका गावाचंच नाव होतं, त्यांनी तेच सांगितलं. तिनं देव विचारला. साहेबांनी हसून खांदे उडवले. धवलारीण त्या ठिकाणी थोडी थांबून पुढं गेली.

ही माझी आजी. तिला नवरा मिळाला, मुलगा मिळाला, सासर मिळालं नाही. वडील शाळेत जाण्याआधीच आजोबा तापानं गेले. मुलाचा बाप्तिस्मा त्यांनी करून घेतला होता. त्यामुळे आडनाव टिकलं. आजोबांना उरणच्या चर्चमागं जागा मिळाली. आजी मात्र लुगड्यातली कोळीण होती ती तशीच राहिली. दर रविवारी ती त्या थडग्यावरचं गवत उपटायला जायची. बंदरावरच्या बायका तिला डिवचायच्या.

"सासर कवरं लांब गो तुझं?"

"तुझ्या घोवाची होडी पोचायची नाय, तेवरं लांब," आजी म्हणायची. सगळ्या हसायच्या. तीही हसायची.

पण वडिलांचं लग्न ठरलं तेव्हा ती हसली नव्हती, असं माझ्या आईनं मला सांगितलं होतं. आई ख्रिस्ती घरातली. चर्चमधल्या लग्नाआधी आजीच्या हट्टानं घरी हळद झाली. धवलारणीनं तांदळाची मूठ हातात धरून आजीला सांगितलं, सासरच्या देवाचं नाव घे. आजीला नाव माहीत नव्हतं. तिनं माहेरच्या एकवीरेचं नाव घेतलं आणि उठून आत गेली. मी लहान असतानाच आई कावीळ होऊन वारली. मग शाळेची बोर्डिंग आणि सुटीत आजी, असं माझं चालू राहिलं.

वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते. आठवड्यातून एकदा लाँचनं घरी यायचे. पन्नासनंतरच्या त्या वर्षांत त्यांच्या ओळखीची सगळी इंग्रजी आडनावं बोटीत बसून चालली होती. आज शेजारचं टेबल रिकामं, उद्या समोरचं. वडिलांनाही विलायतेला जायचं होतं. तिकडचे दरवाजे लवकरच बंद होणार अशी बोलवा होती. जायचं तर हा आमच्या रक्ताचा आहे असं सांगणारं कुणीतरी तिकडचं माणूस हवं होतं. आमच्याकडे थडगं होतं, माणूस नव्हता.

म्हणून वडील आडनावाच्याच मागं लागले. मुंबईतल्या एका वाचनालयात बसून इंग्रजी आडनावांवरची जाडी पुस्तकं वाचायचे आणि घरी आले की जेवणाआधी टेबलावर मांडून दाखवायचे. काडेपेटी म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं गाव, ओढ्याच्या काठचं. मेंढरं राखणारी माणसं. त्या गावाहून दुसरीकडे गेली त्यांना लोक गावाच्या नावानं ओळखू लागले, तेच आडनाव झालं.

"म्हणजे आपल्या उरणकर, पेणकरसारखंच," मी म्हणाले.

वडिलांना ते आवडलं नाही. त्यांनी मिठाची बशी पुढं ओढली. हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. घरात बसून सूत कातणाऱ्यांचा धंदा यंत्रांनी घालवला तेव्हा आपली माणसं इथं आली. पेला म्हणजे बंदर. तिथून एक शाखा कॅनडाला, एक ऑस्ट्रेलियाला. आणि एक इथं. 'इथं' म्हणताना ते टेबलावर काहीच ठेवायचे नाहीत, नुसतं बोट टेकवायचे.

आजी दाराशी बसून कोलंबी सोलत असायची. "मंग त्या गावात आपलं घर हाय का कुनाचं? देऊळ?"

"आये, तिथून निघून तीनशे वर्षं झाली. तिथं आता त्या नावाचं कुणी नाही."

"असं कसं नाय? गाव हाय तर भावकी असनारच. तुमी विचारलं नाय नीट."

ही समजूत तिच्या डोक्यातून कधी गेली नाही. आडनाव आहे म्हणजे गाव आहे, गाव आहे म्हणजे तिथं घर, घरात देव आणि देवापुढं सुनांची नावं माहीत असलेली एखादी म्हातारी असणारच.

शेवटी एकसष्टच्या सुमारास माणूस आपण होऊन आला. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे वडिलांचे सख्खे चुलतभाऊ. विलायतेतल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. जगभर पसरलेल्या आपल्या आडनावाच्या माणसांना भेटायचं आणि सगळ्यांचा मिळून एक वृक्ष काढायचा, हा त्यांचा म्हातारपणचा छंद. ऑस्ट्रेलियातल्या शाखेला भेटून परत जाताना त्यांची बोट काही दिवस मुंबईला थांबली. बोटीच्या कचेरीत कुणीतरी म्हणालं, या नावाचा एक कारकून गोदीत आहे. वडिलांनी त्यांना रविवारी मोऱ्याला जेवायला बोलावलं.

आजीनं तीन वाड्यांत ओरडून सांगितलं. "माझ्या सासरचं मानूस येतंय!"

"आता? तोंडात दात नाय तवा?" शेजारीण म्हणाली.

"दात नसले तरी तोंड हाय ना. बोलीन त्याच्याशी."

"काय बोलशील गो? येस नो?"

"ही हाय ना," माझ्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली. "हिला एवरी शाळा कशाला शिकवली?"

मला तिनं प्रश्न आधीच सांगून ठेवले होते. एक, घरचा देव कुठला. दोन, सासूला माझं लग्न झाल्याचं कळलं होतं का, आणि कळलं तर ती काय म्हणाली. "तो वयानं मोठा असंल," ती म्हणाली, "पन नात्यानं मी चुलती. त्यानं माझ्या पाया परायला पायजे. नाय परला तरी चालंल. गोऱ्यांना वाकता येत नाय."

तिनं वडिलांना एकच गोष्ट बजावली होती. "बाला, रविवारी अष्टमी हाय. दुपारची सुकती असंल, लाँच धक्क्याला लागायची नाय. सकाळच्यानं आन त्याला." कोळणीच्या पोटी जन्मलेला माणूस तिथी बघितल्याशिवाय लाँचनं पाहुणा आणत नाही. पण वडिलांनी त्या दिवसांत पंचांगाचं नावही घेतलं नव्हतं. पाहुण्यांना सकाळी प्रार्थनेला जायचं असेल, असं म्हणून त्यांनी दुपारची लाँच ठरवली.

ओहोटीमुळं लाँच बाहेरच थांबली. छोट्या होडीतून माणसं आणली, तीही काठापर्यंत आली नाही. आमचे पाहुणे गुडघ्यापर्यंत चिखलात रुतत, दोन्ही हातांत बूट धरून, हसत हसत आमच्या दारात आले. चांगले गृहस्थ होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

आजी ओट्यावर उभी होती. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, केसांत अबोली. दारात आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घालणं हे आमच्याकडे घरच्या बाईचं काम, आणि हा तर चिखलानं भरलेला. ती तांब्या घेऊन खाली उतरली, वाकली. तिनं त्यांच्या पायावर पाणी ओतलं आणि हातानं पिंढऱ्यांवरचा चिखल काढला. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. तिनं तसंच वाकून वर पाहिलं. आता वडील तिची ओळख करून देणार होते.

पाहुणे अवघडले. वडिलांना म्हणाले, "अरे, कशाला, कशाला! कोण आहेत या?"

ही माझी आई, एवढंच म्हणायचं होतं. वडिलांनी आजीकडे पाहिलं, पाहुण्यांच्या उघड्या गोऱ्या पायांकडे पाहिलं, त्यावरच्या तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"आमची जुनी आया," वडील म्हणाले. "माझ्या वडिलांच्या काळापासून आहे."

हे ते इंग्रजीत बोलले होते, पण आया हा शब्द बंदरावर कुणाला माहीत नाही? आजीचा हात थांबला. मग तिनं दुसरा पाय धुतला, माझ्याकडून टॉवेल घेतला, पाय पुसले, आणि बूट उचलून ओट्यावर नीट जोडून ठेवले. अबोली तिनं आत जाताना काढली.

एकदा आया म्हटल्यावर पुढचं सगळं त्या शब्दामागून आलंच. पाहुण्यांनी पिशवीतून मोठा घडीचा कागद काढून टेबलावर पसरला. गाव, ओढा, मेंढरं, गिरण्या, सगळं वडील सांगायचे तसंच होतं, फक्त इथं खरी माणसं होती. एका फांदीच्या टोकाला आजोबा होते, त्यांच्यापुढं रिकामं.

"आणि तुमच्या आई?" पाहुण्यांनी पेन्सिल हातात घेतली.

"मी लहान असताना गेल्या," वडील म्हणाले. "रेल्वेतल्या एका इंग्रज गार्डाची मुलगी होती."

आजी तेव्हाच तळलेली पापलेटं घेऊन येत होती. तिनं ताट ठेवलं, पाहुण्यांच्या डाव्या बाजूनं, साहेबांच्या घरी नोकर वाढतात तसं, आणि आत गेली. मी तिच्यामागं गेले.

"माझं काय सांगितलंन?" ती चुलीपुढं बसून म्हणाली.

मी ताटात भाकऱ्या रचू लागले.

"बोल ना गो. तुला इंग्रजी कशाला शिकवली?"

"तू मेलीस म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "आणि तू गोरी होतीस."

ती खरंच हसली. "मेली? मंग ह्या भाकऱ्या कोन थापतंय?" पुढची भाकरी तिनं तव्यावर टाकली. ती मोडली. आजीची भाकरी मोडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मी भाकऱ्या घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुणे पेन्सिल खाली ठेवून खुर्चीत मागं रेलले होते.

"विचित्रच आहे," ते वडिलांना म्हणत होते. "आमच्या घरात वेगळीच गोष्ट चालत आली. काकांनी या किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं, अंगाला पिवळं फासून जमिनीवर बसले होते, असं त्यांनी स्वतः कळवलं होतं म्हणे. आमची आजी, म्हणजे काकांची आई, पहिल्यांदा चिडली. पण पुढं ती नाताळच्या जेवणाला सगळ्या सुनांची नावं घेऊन प्रार्थना करायची, तेव्हा शेवटी म्हणायची, आणि ती कोळ्याची मुलगी. नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून ते ऐकलंय. मला वाटलं होतं, निदान तिची कबर तरी बघायला मिळेल."

वडिलांचा घास हातात राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. अजून वेळ गेली नव्हती. दोन पावलांवर ती बसली होती.

"लोक काय वाटेल ते बोलतात," वडील म्हणाले.

"हो, तसंच असणार," पाहुणे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आजोबांच्या शेजारी नीट अक्षरात रेल्वे गार्डाच्या मुलीची नोंद केली.

मी आत जाऊन आजीला सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. सासूला कळलं होतं. ती चिडली होती. नंतर देवापुढं तुझी आठवण काढायची. हा माणूस तुलाच बघायला आला होता. मी तिचा हात धरून ओढला. "चल बाहेर. मी सांगते त्यांना. चल."

ती उठली. दारापर्यंत आली. बाहेर वडील काहीतरी मोठ्यानं हसून सांगत होते, घाबरले की ते तसे हसतात. ती ऐकत उभी राहिली. मग माझा हात सोडवला.

"मी गेले तर माझा पोरगा खोटा परंल," ती म्हणाली. "सासरच्या मानसासमोर."

"तो खोटाच बोललाय."

"मना ठाव हाय. त्याला ठाव होऊ नको दे." बाहेरच्या पाहुण्याकडे तिनं मानेनं दाखवलं. मग पदर नीट करून भाताचं पातेलं उचललं.

परत जाताना वडील पाहुण्यांना थडग्यावर घेऊन गेले, मीही होते. पाहुणे डोकं उघडं करून उभे राहिले. थडग्याभोवती गवताची काडी नव्हती.

"कुणीतरी फार निगा राखतं," ते म्हणाले.

"आया," वडील म्हणाले. या वेळी त्यांना अडखळावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी वडील पाहुण्यांना पोचवून शेवटच्या लाँचनं परत आले. काम झालं होतं. पाहुणे तिकडून लिहिणार होते, राहायला खोली आणि नोकरी बघणार होते. वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"आये, माझ्या तोंडून गेलं. पण ऐक, आता सगळं सोपं झालं. मी तिकडे गेलो की..."

"जेवन वारू का, साहेब?" आजी म्हणाली.

वडिलांना वाटलं ती रागात आहे, दोन दिवसांत निवळेल. मलाही वाटलं. पण तो राग नव्हता. तिनं त्या दिवसापासून त्यांना बाला म्हटलं नाही, अरेतुरे केलं नाही. ते घरी आले की ती उभी राहायची. त्यांचं जेवण झाल्यावर मागच्या पडवीत बसून जेवायची. त्यांनी मासळी आणली तर "साहेबांनी आनली" असं शेजारणीला सांगायची. शेजारणींना आधी गंमत वाटली, मग त्या विषय टाळू लागल्या. वडील एकदा तिच्यापुढं जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. ती म्हणाली, "उठा साहेब, कपरे खराब होतील." आवाज अगदी मऊ होता. माझ्याशी मात्र ती पहिल्यासारखीच होती, ओरडायची, हसायची, डोक्याला तेल लावायची.

निघण्याच्या दिवशी धक्क्यावर वडिलांनी ट्रंक खाली ठेवली आणि भर गर्दीत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सूट घातलेला माणूस कोळणीच्या पाया पडतो आहे, म्हणून लोक बघत होते. तिनं त्यांना खांद्याला धरून उठवलं. मी जवळच होते. मला वाटलं आता ती बोलेल. तिनं त्यांच्या कोटाच्या बाहीवरची वाळू झटकली आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहिली, बाकीचे हमाल उभे होते त्यांच्या ओळीत.

वडिलांनी मला तिकडे बोलावलं. मी गेले नाही. का गेले नाही याची बरीच कारणं मी लोकांना सांगितली आहेत, आजी एकटी पडेल, नोकरी लागली आहे, थंडी सोसणार नाही. खरं कारण साधं आहे. त्या कागदावर मलाही रेल्वे गार्डाची पणती करून ठेवलं आहे. तिकडे गेले असते तर रोज कुणाच्या तरी घरी जेवायला बसून मला ती कधीच नसलेली बाई सांभाळावी लागली असती. वडील सांभाळतात. त्यांनी तिला डोळ्यांचा रंग दिला आहे, पियानो दिला आहे, असं त्यांच्या लिहिण्यावरून दिसतं.

वडील गेल्यावर दोन पावसाळे गेले आणि आजी वारली. फार आजारी नव्हती. मी हात धरून बसले होते. कोळीवाड्यातल्या बायका जमल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला हळूच विचारलं, सासरच्या देवाचं नाव घेऊन पाणी घालायचं का? मी एकवीरेचं घ्या म्हणाले.

वडिलांना तार केली. त्यांचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यांनी सगळं लिहिलं होतं, काही लपवलं नव्हतं, आणि याबद्दल मी त्यांना मान देते. तार मिळाली त्या दिवशी ते कामावर गेले. सुट्टी मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तिथं त्यांची आई केव्हाच मेलेली आहे. दंडाला काळी पट्टी बांधता आली नाही. रविवारी चुलतभावाच्या घरी नेहमीप्रमाणे सगळे जेवायला जमले. वडिलांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, काय झालं. वडील म्हणाले, घरची जुनी आया गेली. चुलतभाऊ म्हणाले, फार इमानी बाई होती, अशी माणसं आता मिळत नाहीत. मग त्यांनी बटाट्यांचं भांडं वडिलांकडे सरकवलं आणि वडिलांनी वाढून घेतलं.